वाढता जिना

मोजणीदार जिना चढून आले आणि उंबऱ्यातच बसकण मारून कसेबसे म्हणाले, "त्रेसष्ट."

"गेल्या महिन्यात सत्तावन्न होत्या. त्याआधी चोपन्न," आतून बायको म्हणाली. "चांगल्या वाढतायत पायऱ्या. खत घालता का?"

मोजणीदारांना हसू आलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. पाऊल टेकलं की आकडा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्यांच्या पावलांत चूक असणं शक्य नव्हतं. म्हणजे चूक जिन्याची होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते फेरमोजणीला निघाले. उतरताना चोपन्न भरल्या. चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आकडा पन्नाशीच्या जवळ गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या प्रत्येक पावलामागे आणखी एक पाऊल वाजतंय. ते थांबले. मागचं पाऊल क्षणभराने थांबलं. वळून पाहिलं तर जिना रिकामा, खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. त्यांनी भिंतीला कान लावला. भिंतीच्या आत कुणीतरी घाईघाईने धप धप करत होतं.

चौसष्टाव्या पावलाला ते घरात आले.

"उद्या दहाला गिऱ्हाईक येतंय," ते धापा टाकत म्हणाले. "घर विकून टाकू."

बायकोची विळी थांबली. "तीस वर्षांचं घर? आणि मला हे आत्ता सांगताय?"

"अगं, जिना उतरताना चोपन्न आणि चढताना चौसष्ट. मधल्या मधे दहा पायऱ्या येतात कुठून? भिंतीत कुणीतरी आहे."

तिने हात पुसले. "चला खाली. चढा माझ्यादेखत."

ती मागून येऊ लागली. पहिला मजला ठीक गेला. दुसऱ्यापासून तिची नजर त्यांच्या चपलांवर खिळली. वळणावर तिने भिंतीला कान लावला. काही नाही. मग, तीस वर्षांत जिन्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांच्या पाठीला कान लावला. धप धप तिथे होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दम लागला की तुम्ही दुसरा पाय त्याच पायरीवर आणून टेकवता. आणि तोही मोजता."

मोजणीदारांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय शेजारी शेजारी, शहाण्या मुलांसारखे उभे होते.

"घर कुणाला दाखवायचं नाही," बायको म्हणाली. "तुम्हाला डॉक्टरांना दाखवायचंय. गिऱ्हाइकाला मी कळवते, येऊ नका म्हणून."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर होता. बाईंनी मोजणीदारांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं होतं.

"थकवा, धाप, याला कारणं पुष्कळ. हृदय, फुप्फुसं, थायरॉइड, रक्त कमी होणं. एकेक बघू. गोळ्या कसल्या घेता?"

"गुडघेदुखीच्या. सहा महिने. मनानेच."

"शौचाला काळं होतं?"

"होतं. पण त्याचा जिन्याशी संबंध असेल असं वाटलं नाही."

बोटाला सुई टोचून तपासलं. हिमोग्लोबिन सहा भरलं. "गोळ्यांनी पोटात जखम झाली असणार. तिथून रक्त जातंय," बाई म्हणाल्या. "गोळ्या आजपासून बंद. इथूनच थेट हॉस्पिटलात जायचं, भरती व्हायला. रक्त चढवावं लागेल. अजून महिनाभर जिनाच मोजत बसला असतात, तर मोजायला उरला नसतात."

बायकोने त्यांचा हात घट्ट धरला.

बाई चिठ्ठी लिहू लागल्या. त्यांचा चेहरा थकलेला होता, ओठ फिके. "आमचा जिना चढताना किती भरल्या?" त्यांनी सहज विचारलं.

"अठ्ठावीस."

"बरोबर मोजलंत की. अठ्ठावीसच आहेत. मी रोज मोजते."

"बावीस आहेत," बायको म्हणाली.

पेन थांबलं. बाहेर, रिकाम्या जिन्याकडे उघडणारं दार वाऱ्याने हळूच हललं.

मोजणीदारांनी जपून खुर्ची पुढे ओढली. "बाई," त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोण तपासतं?"