संजूच्या गाडीचे लाइट

आमच्या ब्राह्मणपुरीत कोणी भेटलं की लोक राम राम म्हणतात. आत्माराम आप्पा म्हणत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. तुमच्या मोटारसायकलपाशी उकिडवा बसतो, सीटखाली बोट घालतो आणि विचारतो, "फ्यूज कोठे शे?"

तुम्ही सायकलवर आला असाल, तर तो निराश होतो.

आप्पा माझा शेजारी, वयानंही माझ्याएवढाच. नोकरीत असताना साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. विजेचं शिक्षण त्याला एकाच दिवशी मिळालं, तेही स्वतःच्या गाडीवर. सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं म्हणून त्यानं गाडीला दोन जादा लाइट लावले होते, वायर थेट बॅटरीला गुंडाळून. वाटेत सीटखालून धूर निघाला. लोक पाणी शोधत राहिले. आप्पानं शेजारच्या रसवंतीवरची उसाच्या रसाची घागर उचलली आणि ओतली. गाडी विझली. पुढे कितीतरी दिवस तिला मुंग्या लागत होत्या.

तेव्हापासून "पहिले फ्यूज, मंग उजेड" हे त्याचं एकच सांगणं. खिशात तंबाखूची डबी असते, पण तिच्यात तंबाखू नसतो, फ्यूज असतात. चिमूटभर मागायला हात पुढे करणाऱ्या अनेकांच्या तळव्यावर त्यानं गंभीरपणे फ्यूज ठेवलेला आहे. लग्नात लोक मांडवात असतात, आप्पा गाड्या लावलेल्या असतात तिथे. एका दहाव्याला तर त्यानं नदीकाठी मयताच्या साडूला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "झायं ते झायं. पन तुन्ही वायर सायलेन्सरले चिकटेल शे." साडू रडायचा थांबला आणि गाडीकडे पळाला.

लाइट लावून द्यायची आप्पाची पद्धत ठरलेली. बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. पुढे रिले, म्हणजे लाइटांचा सगळा भार हँडलवरच्या बटणावर न येता वेगळ्या वायरीनं जातो. अर्थिंगच्या जागी चेसीचा रंग खरवडायचा. वायर इंजिनापासून लांब न्यायची. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, वायर कुठे ताणते का. आणि शेवटी लाइटांची तोंडं खाली करायची. "समोरनाले बी घर शे," असं तो म्हणतो. यात सगळी दुपार जाते. त्यामुळे गावातली पोरं शहाद्याला जातात. तिथे चहा पिऊन होईपर्यंत लाइट लागतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आप्पाचा एक किस्सा सगळ्या तालुक्यात सांगतात. तो मी पसरवला, आणि अर्धाच पसरवला.

आप्पाचा मुलगा संजू सुरतेला कापडाच्या लूमवर आहे. आमच्याकडचा माणूस पोटासाठी कुठेही गेलेला असो, श्रावणात कानबाई बसते, घरोघरी देवी मांडतात, तेव्हा घरी येतो. भाऊबंद जमतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात. त्या वर्षी संजू नव्या मोटारसायकलवर आला. पुढे चार लाइट. दिवेलागणीला तो गल्लीत शिरला, तेव्हा झाडावर चढून बसलेल्या कोंबड्या उजाडलं समजून खाली उतरल्या.

पोरगा वर्षानं आलेला. आप्पा गाडीपाशी बसला. फ्यूज नव्हता. हेडलाइटच्या वायरीलाच जोड मारला होता आणि जोडावर टेपऐवजी साडीची किनार गुंडाळली होती, जरीसकट.

"हाई काय शे?"

"टेप नव्हती, आप्पा. लूमवर किनारच मियस."

"जरनी किनार बांधी तू वायरले? नवरी शे का ती? पेटशी एक दिन."

"सुरतथीन उनू ना मी? पेटनू का?"

आप्पानं अडकित्ता मागितला. आम्हाला वाटलं, सुपारी कातरणार. त्यानं सगळ्या भाऊबंदांसमोर चारही लाइटांची वायर कापली.

संजू म्हणाला, "बाप शे का आरटीओवाला?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपून संजू सुरतेला गेला, तो पुन्हा कानबाईला आला नाही. "आप्पानं वायर कापी आनि पोरगं तुटनं," हे वाक्य माझं. पानटपरीवर ते फार चाललं.

राहिलेला अर्धा भाग असा. विसर्जनाला सगळं गाव वाजतगाजत नदीवर निघालं. संजू भाऊबंदांबरोबर गेला. आप्पा म्हणाला, गुडघा दुखतो. मलाही त्यानं थांबवून घेतलं. गल्ली रिकामी झाल्यावर त्यानं स्वतःच्या गाडीचे दोन्ही लाइट, रिले, फ्यूज, सगळी वायर उतरवली आणि संजूच्या गाडीवर चढवली. मी पाने-पक्कड देत होतो.

"आप्पा, कानबाई चालनी. दर्शन तरी घे."

"ती रागावनार नही. तू हँडल वळाव."

काम झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "नाना, हाई तू कयं असं सांग. मी कयं समजनं तं तो काढी टाकी. नवापूरकडला रस्ता अंधारना शे."

लाइट मी लावले, असं मी संजूला सांगितलं. संजू माझ्या पाया पडला. तेव्हापासून दर दिवाळीला सुरतेहून मला घारीचा, तिकडच्या तुपाळ मिठाईचा, डबा येतो. मी घारी खाल्ली. आप्पालाही एखादी द्यायचो. "बरी शे," म्हणायचा.

आप्पाची गाडी बोडकी दिसायला लागल्यावर "लाइटवालाना घरच अंधार" हेही मीच म्हणालो. आप्पा तेव्हा तिथेच बसला होता.

दरवर्षी तो संजूच्या नावाचे सव्वा मूठ गहू घालतो. रोट घराबाहेर द्यायचे नसतात. बायको गेल्यापासून संजूच्या वाट्याचेही तो एकटाच खातो, आणि त्याला ते बाधतात.

या श्रावणात मी संजूला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मागे लूमचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

आप्पाला सांगितलं, तर तो ओसरीवरून ताडकन उठला. "कसाले सांगं तू? आते तो काढी टाकी! पावसाळाना दिन, नाना!"

"आप्पा, तो तुन्हावर रुसेल शे. लाइटवर नही."

"मंग रुसू दे ना. उजेडमा रुसू दे!"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या ओसरीवर मुद्दाम जाऊन बसलो असताना माझा फोन वाजला. संजू होता.

"नाना, आप्पा तुमना जोडे बसेल शे का? द्या त्याले."

मी फोन पुढे केला. आप्पानं तो दोन्ही हातांनी धरला, भरलेला पेला धरावा तसा. संजूचा आवाज मोठा आहे. मलाही ऐकू आलं, "आप्पा, कानबाईले येस मी."

आप्पा नुसती मान हलवत राहिला. फोनवर मान दिसत नाही, हे त्याला बऱ्याच वेळानं सुचलं. मग त्यानं घसा खाकरला.

"अंधार पडाना पहिले ये, भाऊ," तो म्हणाला.