सोमवार ते शनिवार चिकटणारा ब्रेक

कुठल्याही बिघाडाचं मूळ कारण मी अर्ध्या तासात शोधून काढतो. ही बढाई नाही, आनंदनगरच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात मला त्याचाच पगार मिळतो. मी क्वालिटीत आहे. एखादा पार्ट खराब निघाला की मी वही घेऊन मशीनपाशी जातो आणि 'का?' असं पाच वेळा विचारतो. पाचव्या 'का'ला समोरचा ऑपरेटर रडकुंडीला येतो आणि मी 'मूळ कारण' या रकान्यात लिहितो, 'ऑपरेटरची चूक.' अकरा वर्षांत माझं उत्तर एकदाही चुकलेलं नाही. म्हणजे, चुकलं असं कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.

त्यामुळे सासऱ्यांच्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक चिकटायला लागला तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. घरबसल्या कौशल्य दाखवायची संधी रोज कुठे मिळते?

गाडी अठ्ठ्याऐंशी सालची, शंभर सीसीची. सासरे, म्हणजे धर्मराज, बदलापूरच्या पुढे बारवी रोडला राहतात. त्यांनी तीस वर्षं एका कारखान्यात लेथ चालवला आणि तीस वर्षं याच गाडीवरून कामाला गेले. स्वप्नाली, म्हणजे माझी बायको, कॉलेजात असताना भातखाचरांच्या रस्त्यावर हीच गाडी शिकली. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "सांभाळता आली तर ठेवा. नाहीतर सांगा, अभिजीत मागतोच आहे."

अभिजीत माझा धाकटा साडू. उल्हासनगरला जीन्सचं दुकान आहे आणि दिवसातून चार व्हिडिओ टाकतो. त्याला ही गाडी 'एकदम विंटेज' म्हणून उभं राहून फोटो काढायला हवी होती. मला दुसरं काहीही गेलेलं चाललं असतं, पण ती गाडी अभिजीतकडे गेलेली चालली नसती. गाडी गेली असती तर थोरला जावई नालायक, असा शिक्काच बसला असता, तोही व्हिडिओसकट.

गणपती आटोपल्यावर दुखणं सुरू झालं. सोमवारी सकाळी मी ऐटीत कामाला निघालो. नवा युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, पायात कंपनीचे नवे कोरे सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेल्या त्या बुटांची तपासणी मीच केली होती आणि जाड मोजे मावावेत म्हणून स्वतःसाठी दोन नंबर मोठे काढून घेतले होते. अशा थाटात निघालो, तर आनंदनगरच्या फाट्यापर्यंत गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी चालायला लागली. जळका वास यायला लागला. उतरून मागच्या ब्रेकच्या ड्रमवर थुंकी लावलेलं बोट टेकवलं तर चर्र झालं.

मी लगेच गाडी स्टँडवर घेतली आणि मागचं चाक फिरवलं. ते गरगर फिरलं, लोण्यासारखं! जरा निवू दिलं, पुन्हा बसलो, दोनशे मीटरवर पुन्हा तेच. उतरलो की ठीक, बसलो की दुखणं. डॉक्टरांकडे नेल्यावर ज्याचा ताप उतरतो अशा पोराला बापाने काय करावं?

संध्याकाळी स्वप्नालीला सांगितलं. ती म्हणाली, "मी एक चक्कर मारून बघू का?" मी हसलो. तिला समजावलं की हे शास्त्राचं काम आहे, यात नुसतं चालवून काही कळत नसतं.

मी वही उघडली. वार, वेळ, ऊन, पाऊस, टायरमधली हवा, डब्यात काय होतं, सगळं लिहिलं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. सोमवार ते शनिवार ब्रेक चिकटतो. रविवारी आम्ही दोघं शिवमंदिराकडे चक्कर मारायला जातो तेव्हा बिलकुल चिकटत नाही. पाच वेळा 'का' विचारून मी निष्कर्ष काढला की आनंदनगरच्या हवेतच असं काहीतरी आहे जे फक्त या गाडीच्या ब्रेकला मानवत नाही. स्वप्नालीने विचारलं की बाकीच्या हजार गाड्यांना कसं मानवतं. हा सहावा 'का' होता आणि आमच्या पद्धतीत तो नसतो.

मध्यंतरी एक रिक्षावाला शेजारून ओरडला, "ओ भाऊ, ब्रेकची लाईट चालू आहे केव्हापासून!" दुसऱ्या दिवशी आणखी एक ओरडला. म्हणजे लाइटचं बटनही गेलं होतं. बटन बदललं. तरी लाइट पेटतच राहिली, तेव्हा मी बल्बच काढून खिशात टाकला. एक तक्रार कायमची मिटली.

मग गाडी प्रमोदकडे नेली. प्रमोद शिवमंदिराच्या रस्त्यावरचा जुना मेकॅनिक. त्याने ड्रम उघडला, लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, तपासले, स्प्रिंगा ओढून बघितल्या, मग स्लिपर घातलेल्या पायानेच एक मोठी फेरी मारून आला. म्हणाला, "मख्खन आहे, साहेब." मी घेऊन निघालो, सोमवारी परत गेलो. त्याने पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा फेरी मारली, पुन्हा मख्खन. तिसऱ्या वेळी त्याने गाडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

अशा माणसावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. त्या शनिवारी मला सुट्टी होती. मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चटई टाकून मागचं चाक स्वतः उघडलं. लायनरची एक स्प्रिंग सुटली ती थेट तळमजल्यावरच्या किर्तीताईंच्या वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांत गेली. ती शोधताना अर्ध्या पापड्या मोडल्या आणि उरलेल्या अर्ध्यांना माझ्या हाताचं काळं लागलं. पण काम उत्तम झालं. जे जे म्हणून चिकटू शकतं त्या सगळ्याला मी हात सैल सोडून ऑइल दिलं. लायनरलाही दिलं.

आता वाचकहो, तुमच्यापैकी जाणकार आत्ताच कपाळाला हात लावतील. ब्रेक चिकटतो म्हणून लायनरला ऑइल देणं म्हणजे मुलगा बडबड करतो म्हणून त्याला जन्माचा मुका करणं. मला ते मंदिराकडच्या उतारावर कळलं. मागचा ब्रेक पूर्ण दाबला, काही नाही. पुढच्याने गाडी थोडी हळू झाली, मग मी चपला घातलेले दोन्ही पाय रस्त्याला लावले. शेवटी मंदिराबाहेर बेलफुलांचं दुकान मांडणाऱ्या गोदूमावशींच्या बेलाच्या टोपलीत पुढचं चाक रुतलं आणि आम्ही थांबलो. मावशींनी शिवी दिली नाही. टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता सगळा बेल तूच वाह देवाला. एकेक करून." एकशे आठ पानं वाहून मी गाडी ढकलत प्रमोदकडे नेली. त्याने लायनर बदलून दिले.

घरी पोचलो तेव्हा चाकात बेलाची पानं अडकलेली होती आणि स्वप्नाली फोनवर होती. फोन सासऱ्यांचा. गोदूमावशींच्या दुकानातला प्रकार कोणीतरी मोबाइलवर काढला होता आणि तो फिरत फिरत अभिजीतकडे पोचला होता. त्याने तो सासऱ्यांना दाखवला होता, दोनदा. सासरे एवढंच म्हणाले होते की उद्या सकाळी येतो, किल्ली तयार ठेवा.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. गाडीचं एक वेळ सोडा. पण तीस वर्षं चालवलेली वस्तू त्या माणसाने माझ्या हातात दिली होती आणि ती मला सांभाळता आली नव्हती. ते मला खरंच लागलं होतं.

रविवारी सासरे आणि अभिजीत आले. अभिजीतने येताना स्वतःचं हेल्मेटही आणलं होतं. आल्या आल्या एक फेरी मारून म्हणाला, "क्या बात है दादा, ब्रेक तर एकदम बढिया आहे. प्रॉब्लेम काय आहे?" तोही चपलेवर होता. मी वही पुढे केली. सासऱ्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, डब्यातल्या भाजीसकट. मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"मागचा बल्ब कुठे आहे?"

"काढला," मी म्हणालो. "सारखा पेटायचा."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "परत लावा. आणि संतोषराव, उद्या सोमवार आहे असं समजा. रोज कामाला जाता तसे तयार होऊन या."

मी वर गेलो. युनिफॉर्म घातला, आयकार्ड अडकवलं, जाड मोजे आणि बूट चढवले, रिकामा डबासुद्धा घेतला. खाली आलो तर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. किर्तीताई उरलेल्या पापड्या राखत बसल्या होत्या. अभिजीतने फोन तयार ठेवला होता. सासऱ्यांनी सांगितलं की गेटपर्यंत जाऊन या.

मी गेलो, वळलो, आलो. गाडी कण्हत होती. बघा, मी म्हणालो, हेच ते! सगळे गाडीच्या मागे बघत होते. लाल दिवा जाताना पेटलेला होता, येताना पेटलेला होता आणि आता उभा होतो तरी पेटलेलाच होता.

मी उतरायला लागलो तसे सासरे म्हणाले, "उतरू नका. आहात तसेच राहा. आता उजव्या पायाकडे बघा."

मी बघितलं. दोन नंबर मोठ्या बुटाची लोखंडी टोपी ब्रेकच्या पायडलवर आरामात टेकलेली होती. पाय मी ठेवलेला नव्हता, बूटच तिथपर्यंत पोचलेला होता. आणि एवढ्या जाड तळव्यातून खाली काही दबतंय याचा मला पत्ताही नव्हता. मी पाय उचलला. दिवा विझला. पाय टेकवला. दिवा लागला. मी हे तीन वेळा केलं. क्वालिटीत एकदा बघून चालत नाही.

अभिजीत हसता हसता खाली बसला, त्यामुळे त्याचा व्हिडिओ हलला. तेवढाच मला आधार.

सासरे हसले नाहीत. त्यांनी माझी वही मागितली, 'मूळ कारण' हा रकाना शोधला आणि पेन माझ्या हातात दिलं. "तीस वर्षं हे माझ्या नावापुढे लिहिलेलं वाचलंय मी," ते म्हणाले. "दर वेळी मशीनच बिघडलेलं असायचं. आज खरं आहे, तर तुमच्या हाताने लिहा."

मी लिहिलं, 'ऑपरेटरची चूक.' अक्षर जरा वाकडं आलं.

त्याच्या पुढचा रकाना 'उपाय' असा असतो. तो त्यांनी स्वतः भरला. सावकाश, लेथवाल्याच्या गोल अक्षरात लिहिलं, 'ऑपरेटर बदलणे.' मी खिशातून किल्ली काढली. अभिजीतने हेल्मेट चढवलं आणि हात पुढे केला. सासऱ्यांनी किल्ली घेतली, त्याच्या हातावरून पुढे नेली आणि स्वप्नालीच्या हातात ठेवली. ती चपला घालूनच उभी होती.

आता ती मला रोज सकाळी कंपनीच्या गेटवर सोडते आणि मग स्वतःच्या कामाला जाते. गाडी सुरेख पळते. गेटवर सगळे ऑपरेटर माझी वाट बघत उभे असतात, आजकाल कोणी उशिरा येतच नाही. मी मागे बसतो, डबा मांडीवर धरून. समोर रिक्षा आडवी आली की माझा उजवा पाय अजूनही आपोआप खाली दाबला जातो.

"पाय," स्वप्नाली मागे न बघता म्हणते. तिला कसं कळतं, कोणास ठाऊक. का, म्हणून मी विचारलेलं नाही.