दोनशे बारा पावलं

घर घ्यायचं ते हायस्कुलासमोरच, हे सुशीलेने ठरवलं. ते बघायला एकादशीलाच जायचं, हे मी ठरवलं. बुडालो ते माझ्या ठरवण्यामुळे.

सुशीला माझी बायको. तिची शाळा चौथीत सुटली, म्हणून आमच्या हिराने मॅट्रिक व्हायचंच, असा तिचा हट्ट होता. हिरा सातवीच्या परीक्षेसाठी आईबरोबर फोंड्याला थांबली आणि मी बदलीवर मसुऱ्याच्या टपाल कचेरीत आलो. मी फोंड्याचा, घाटाच्या पायथ्याचा माणूस. ताटातल्या बांगड्यापलीकडे समुद्राशी माझा काडीचा संबंध नव्हता.

खाडीकाठचं भिकाजीचं घर विकाऊ आहे असं कळलं. मी एकादशीला अर्धी रजा टाकून दुपारी दोनला तिथे पोचलो. समोर वाळूचं मैदान आणि पलीकडे हायस्कूल! मी उंबऱ्यापासून पावलं मोजली. दोनशे बारा. वाळूत मुळे, म्हणजे शिंपले, वेचणारी गंगू कोळीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"सायबांनू, खाडी मोजतास काय?"

"नाय गो, शाळा मोजतंय."

ती पोट धरून हसली. (मला वाटलं, कौतुकाने.)

पुढच्या एकादशीला पुन्हा गेलो, दुपारी दोनलाच. तिसऱ्या एकादशीला दोनच्या ठोक्याला कागद झाला. शुभ काम एकादशीला करावं, ही माझ्या आईची शिकवण. सुशीलेने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि एका शब्दानेही कुरकुर केली नाही.

अक्षय्य तृतीयेला बैलगाडीतून सामान आलं. वेळ तीच, दुपारची. सुशीला गाडीतून उतरली आणि दारातच थबकली.

"शाळा खंय?"

"ती काय समोर!"

"आणि मधी ह्यां काय?"

मी बघितलं. मैदान नव्हतं. माझ्या दोनशे बारा पावलांवरून एक मचवा शीड लावून चालला होता.

"पाणी," मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

गंगूनेच मला शहाणं केलं. "तिथीची पाऊणपट करूची, तेवढ्या वाजता भरती. एकादशीक सव्वाआठाक भरती, दोनाक ओहोटी; तृतीयेक दोनाकच भरती. इतक्यां पण शिकवूक नाय तुमका?" नव्हतं शिकवलं. मी मॅट्रिक, बारा वर्षं टपालात, आणि दोन्ही पक्षांतल्या एकादश्यांना भरतीची वेळ तीच असते हे मला एका कोळणीने सांगावं!

खरी गंमत पुढे आहे. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये सहा तास. शाळाही अकरा ते पाच, सहाच तास. म्हणजे ज्या दिवशी पोरीला वाळूतून जाता येईल, त्या दिवशी परत येता येणार नाही. आणि ज्या दिवशी येता येईल, त्या दिवशी जाता येणार नाही. असं घर शोधून काढायला अक्कल लागते महाराजा!

पावसाळाभर हिरा वळसा घालून गेली. जाऊन येऊन नऊ मैल. दोनदा तापाने फणफणली, पण वर्गात पहिला नंबर सोडला नाही. कार्तिकात वाळू उघडी पडली. एका षष्ठीला दमलेली पोर सकाळी वाळूतून सरळ गेली आणि पाचला पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. मी नुकताच कचेरीतून आलो होतो. हाक मारेपर्यंत दप्तर डोक्यावर घेऊन ती पाण्यात उतरलीसुद्धा. पाणी कमरेला आलं, मग गळ्याला.

"हिरा, माघारी फीर!" मी ओरडलो. मला पोहता येत नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून नुसता ओरडत होतो. दप्तर दिसेनासं झालं, मग डोकं. तेवढ्यात गंगू होडी वल्हवत आली आणि तिने वाकून वेणीला धरून हिराला वर ओढलं.

पाणी ओकून झाल्यावर पोर म्हणाली, "माझी पुस्तकां?"

"गो बाय, जीव गेलो असतो तुझो!" गंगूच रडायला लागली.

सुशीला पोरीला पदराने पुसून घरात घेऊन गेली. मी पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी वळसा घालून मी पलीकडे गेलो. शाळेला लागूनच एक नवं कौलारू घर होतं. मुलीची राहायची सोय होईल का, हे विचारायला कडी वाजवली. दार भिकाजीने उघडलं.

"तुमी हंय?" मी विचारलं.

"होय तर. तां घर इकलंय आणि ह्यां घेतलंय. आमच्या यशोदेक शाळा होयी होती. तिकडसून चेडवाक जावक गावता काय?"

"मगे माका आदी सांगूक नाय तां!"

"तुमी विचारल्यात खंय?" भिकाजी खरोखर नवलाने म्हणाला. "तुमी पावलां मोजीत होतास. माका वाटला, शिकलेलो माणूस, काय तरी हिशोब आसतलो."

माणूस भला. हिराला त्याने आपल्या लेकीबरोबर, यशोदेबरोबर, ठेवून घेतलं. आता रोज सकाळी सुशीला काठावर उभी राहून ओरडते, "जेवलंस गो?" पलीकडून हिरा हात हलवते. वाऱ्यामुळे उत्तर ऐकू येत नाही.

मी ओट्यावर बसतो. सुशीलेने ठरवल्याप्रमाणे शाळा अगदी समोर दिसते. मुलगीही दिसते, दोनशे बारा पावलांवर.