बारशाचं नेटवर्क

नेटवर्क हा माझा विषय. सिन्नरच्या कंपनीत मी तेच बघतो. त्यामुळे लेकीच्या बारशाला सुवर्णाताई प्रत्यक्ष नसली तरी काही अडणार नाही, असं मी घरात छाती ठोकून सांगितलं होतं!

ताई माझी थोरली बहीण, कळवणला पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आम्हाला अकरा वर्षांनी मूल झालं आणि ही बाई अकरा वर्षं एक नाव मनात जपून बसली होती. कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोला, हर्षालीलासुद्धा नाही. "महेश, एवढं मला करू दे रे," म्हणताना तिचा आवाज फुटला होता.

म्हणून मी चोख बंदोबस्त केला. हॉलवर वायफाय घेतलं, ताईसाठी मोठा पडदा लावला. एकाचा व्हिडिओ कॉल तुटला तर दुसऱ्याचा असावा, म्हणून पासवर्ड मोठ्या अक्षरात भिंतीवर चिकटवला. इंजिनियरची अक्कल!

पाहुणे साठ, फोन साठ. जो तो पाळणा आपापल्या गावी थेट दाखवायला लागला. पडद्यावर ताई आली, तिने नाव सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"दिसंना झालं," गोरक्षकाका म्हणाले. "परत लावतो."

"काका, नका लावू. सगळ्यांनी परत परत लावलं की जास्तच तुंबतं. द्वारका चौकात सगळेच गाडी पुढे घालतात, मग कोणीच हलत नाही, तसं."

"बरोबर हे तुझं. तू थांब, मी लावतो."

बाकीच्यांनी थांबावं, यावर साठही जणांचं एकमत होतं. खरं सांगतो, सगळ्यात जास्त वेळा मीच लावला.

शेवटी सायखेड्याच्या आमच्या नवसाआजीने कनवटीचा बटणांचा फोन काढला. "याच्यावर लाव. तोंड कशाला पाह्यजे? नाव कानातच सांगायचं हे ना?"

साधा फोन लगेच लागला. मी वाकून तो बाळाच्या कानाशी धरला. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडे रीत. आत्या कळवणला, म्हणून बायकांनी माझी पाठ धरली. "कुर्रर्र" झालं, धपाटे बसले, फोन दुपट्यावर पडला आणि त्याची बॅटरी निघाली.

"सांगितलं का ताईंनी?" हर्षालीने विचारलं.

"सांगितलं. आवाज ऐकला मी." ताईचा मान राहिला, म्हणून माझे डोळे भरून आले होते.

"मग नाव काय?"

ते बाळाच्या कानात सांगितलं होतं, माझ्या नाही. साठ जणांनी एकदम ताईला फोन लावला. अर्थात बिझी. ताई बिचारी मला लावत होती, तर मीही बिझी.

पाऊण तास माझ्या लेकीचं नाव अख्ख्या हॉलमध्ये तिला एकटीलाच माहीत होतं, आणि तिला बोलायला यायला अजून वर्ष होतं.