ऊर्मीबाईसाहेबांची तत्त्वज्ञानावरील स्वारी व दोन पुड्यांचा कौल

श्रोतेजन हो, चटई अंमळ पुढे ओढा आणि जवळ बसा. बुवा तंबोरा जुळवीत आहेत, तोवर चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी पेठेत घडलेल्या एका महासंग्रामाची हकीकत सांगतो. वाचा देवाने नाम घेण्यास दिली; उरलीसुरली अशा कामी खर्चावी.

तर देवळामागील गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, राजमान्य राजश्री शरदचंद्रपंत कऱ्हाडकर, इरुंगाट्टुकोट्टै येथील ब्रेकच्या कारखान्याचे दर्जा-तपासनीस, राज्य करीत होते; म्हणजे कुटुंब विजयालक्ष्मीबाई, मूळच्या तंजावरकर, राज्य करीत होत्या आणि पंत मुजरा करीत होते. त्यांची कन्या ऊर्मीबाईसाहेब. कन्येने संगणकाची चाकरी लाथाडून तत्त्वज्ञान शिकण्याचा पण केला, आणि विषय घेतला तो ऐसा, की मनुष्य निवड करतो ती खरोखर तोच करतो काय? मग या विषयाच्या पंडितेस दोन विद्यापीठांतून एक निवडणे प्राप्त जाहले, आणि तेच काही केल्या होईना.

एक विद्यापीठ चेन्नईतच, बसच्या टप्प्यात, रात्री घरचा दहीभात. दुसरे विलायतेच्या उत्तर टोकास, जेथे सूर्यनारायण बहुतकरून रजेवर असतो. चेन्नईच्या आचार्यांनी मुलाखतीत बाईसाहेबांचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर दिले. विलायतेच्या आचार्या पडद्यावर प्रश्न पुरता ऐकून घेऊन म्हणाल्या, की मला माहीत नाही, ये, मिळून शोधू. त्या क्षणी बाईसाहेबांचे चित्त उत्तरेस कूच करून गेले आणि देह तेवढा तिरुवल्लिकेणीस राहिला. परंतु बोलावे कैसे? मातोश्री हल्ली सांबार ढवळतानाही डोळ्यास पदर लावीत.

मग तो दिवस उगवला, ज्याच्या सायंकाळी होकार कळविण्याची मुदत सरणार होती. पंतांनी ब्रेक तोलावेत तैसे दोन्ही विद्यापीठांचे गुणावगुण तोलिले आणि हवा, खर्च, कीर्ती, जेवण ऐसे सर्व धरून दोन्ही पारडी बरोबर आणिली. पराक्रम थोर, उपयोग शून्य.

"अगं, तुझ्या मनात काय आहे ते बोल की!" पंत कडाडले.

"काहीही चालेल, बाबा." ऐसे धडधडीत असत्य बोलून नीतिशास्त्राची ही विद्यार्थिनी नखे कुरतडू लागली.

"पोदुम! पुरे!" मातोश्रींनी झारा आपटला. "अहो, पोरीला काय ब्रेकसारखं तपासता? देवच सांगेल. तांबडं फूल निघालं तर इथं, पांढरं निघालं तर तिकडं."

मग त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे मातोश्रींनी स्वयंपाकघरात एकांती केळीच्या पानात दोन पुड्या बांधिल्या, आणि एकीत तांबडी कण्हेर, एकीत मोगरा ऐसे सांगून त्या देवापुढे ठेविल्या. पंत सोवळे नेसले. बाईसाहेबांनी देवास मनोमन मोगरा मागितला आणि मागितल्याची लाजही वाटली.

"उचल, कण्णे, उचल बाळा. कोणतीही उचल."

उचलली, दोरा सोडला, आणि मोगरा घमघमला! मातोश्रींनी "अय्यो, देवानं नेलं गं माझं लेकरू!" ऐसा आकांत मांडिला आणि त्याच श्वासात फडताळातून आवक्काय लोणच्याची बरणी काढिली, जी विमानात सांडू नये म्हणून आधीच घट्ट बांधून तयार होती. कारखान्यात हजारो ब्रेक बाद करणाऱ्या पंतांनी दुसरी पुडी तपासून पाहिली नाही.

होकार रवाना जाहला. मग मातोश्रींची आज्ञा सुटली, की उरलेली पुडी न उघडता समुद्रात सोडावी. बाईसाहेब मरीनाच्या वाळूत पोहोचल्या, लाट पायाशी आली, आणि शास्त्रजिज्ञासा म्हणा की वाऱ्याचा खट्याळपणा, दोरा सुटला. आत मोगरा.

बाईसाहेबांनी दोरा पुन्हा बांधून पुडी लाटेच्या हवाली केली. मनुष्य खरोखर निवड करतो काय, या प्रश्नावर आजवर इतके सणसणीत उत्तर त्यांस कोणत्याही आचार्यांनी दिले नव्हते.

घरी येताच मातोश्रींनी पाठमोरे राहूनच पुसिले, "सोडलीस?"

"सोडली, अम्मा."

"उघडली नाहीस ना?"

"छे गं!" म्हणून लेक पाठीस बिलगली, आणि सांबार करपेतो दोघी हलल्या नाहीत.

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध पक्षी, मुदत सरण्यापूर्वी, उत्तर विलायत फत्ते जाहली, तिरुवल्लिकेणीचे तख्त एका माणसाने रिकामे जाहले, आणि पंत अद्यापि कौल निष्पक्ष होता ऐसे शेजाऱ्यांस सांगतात.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. आता नामाचा गजर कराल, तेव्हा विजयालक्ष्मीबाईंसही आठवा. त्या माउलीची देवावर अपार श्रद्धा, परंतु लेकीच्या सुखापुरती तिने देवासही मोकळीक दिली नाही.