जेवढे येतील तेवढे

आषाढातला शेवटचा रविवार होता. श्रावण तोंडावर आला की मुंबईतली अर्धी घरं महिन्याभराचे मासे एका दिवसात खाऊन घेतात, आणि विद्याधर खानोलकर ज्या कंपनीत होते ती नेमकी घरपोच मासे देणारी होती. अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम. ॲपवर गिऱ्हाइकांची गर्दी झाली की भाड्याचे सर्व्हर वाढवायचे, ओसरली की कमी करायचे. गेली सहा वर्षं हे ते स्वतःच्या हातांनी, अंदाजाने करत आले होते आणि त्या अंदाजाचा त्यांना फार अभिमान होता.

शुक्रवारी त्यांच्या हाताखालच्या गार्गीने हे काम आपोआप व्हायची सोय करून टाकली. गर्दी मोजून सिस्टीमच सर्व्हर वाढवणार आणि सिस्टीमच कमी करणार.

"सर, रविवारी तुमच्याकडे पाहुणे आहेत ना? आता बिनधास्त बसा," ती म्हणाली.

"झकास!" विद्याधरराव म्हणाले. विश्वास मात्र त्यांनी काडीचा ठेवला नाही.

पाहुणे काही साधे नव्हते. मुलगी गंधाली हिने आपलं लग्न आपणच निहारशी ठरवलं होतं आणि त्याचे आईवडील, रश्मीताई आणि देवव्रत, आज पहिल्यांदाच मुलुंडच्या घरी यायचे होते. अकराची वेळ ठरली होती. साडेदहाला विद्याधररावांनी बेडरूममध्ये लॅपटॉप उघडला. फक्त सहा सर्व्हर चालू होते.

"आजच्या दिवशी सहा? वाट लागेल!" म्हणत त्यांनी बारा केले. शर्ट बदलून येतात तो पुन्हा सहा. पुन्हा बारा केले. केस विंचरेपर्यंत सहा. त्यांनी घाबरून फोन लावला.

"गार्गी, कोणीतरी आत शिरलंय गं! मी घालतोय आणि तो काढतोय."

"सर, तो म्हणजे आपली सिस्टीमच. अजून गर्दी नाहीये, म्हणून जास्तीचे काढून टाकतेय."

"तुझ्या सिस्टीमला गटारी म्हणजे काय ते माहीत आहे का?"

"सर, सोडा ना जरा तिच्यावर…"

तेवढ्यात बेल वाजली. विद्याधररावांनी गार्गीची सोय सरळ बंद केली, हाताने बारा सर्व्हर लावले आणि हसतमुखाने दार उघडायला गेले.

सव्वाअकराला सगळी मुंबई एकदम माशांवर तुटून पडली. बारा सर्व्हर पुरेनात. खिशातला फोन थरथरू लागला. "एक मिनिट हं," म्हणून विद्याधरराव आत गेले आणि त्यांनी सोळा केले. नवे सर्व्हर कामाला लागायला पाच मिनिटं घेत, तोवर गर्दी आणखी वाढे. मग वीस. मग चोवीस. तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा रश्मीताईंनी त्यांच्या बायकोला, जयंतीबाईंना, हळूच विचारलं, "यांचं पोट बरं नाहीये का?"

"छे हो, ऑफिसचं काम," जयंतीबाई दात आवळून म्हणाल्या.

मग रश्मीताईंनी नाजूक विषय काढला. "बरं, लग्नाला माणसं किती धरायची?"

देवव्रत एकाएकी खोबऱ्याच्या वडीकडे निरखून पाहू लागले. 'घरच्यांपुरतंच करू या' हे वाक्य जयंतीबाईंनी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. त्यांनी घसा खाकरला, इतक्यात बेडरूममधून विद्याधररावांचा आवाज गरजला.

"हरलो बाई मी! कर तुझ्या मनासारखं! आकडाबिकडा काही ठरवू नकोस. जेवढे येतील तेवढे येऊ देत, एकही माणूस दारातून परत जाता कामा नये!"

गंधालीने कपाळावर हात मारला. रश्मीताईंचे डोळे मात्र भरून आले.

फोनवर हे ऐकताच गार्गीने तिकडे आपली सोय पुन्हा चालू केली होती. पाचच मिनिटांत चाळीस सर्व्हर उभे राहिले आणि अडकलेल्या ऑर्डरी सुटल्या. विद्याधरराव बाहेर आले ते हायसं वाटलेल्या चेहऱ्याने, थोडेसे दुखावलेलेही.

"विद्याधरराव, केवढं मोठं मन तुमचं!" रश्मीताई म्हणाल्या. "मी तर बोलायलाच कचरत होते."

ऑफिसची भानगड यांच्या कानावर गेली वाटतं, असं समजून ते विनयाने म्हणाले, "माझाच हट्ट होता हो. शेवटी सोडला. आपण मध्ये पडलो नाही की सगळं नीट निभतं."

"ऐकलंत ना?" रश्मीताई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही! अहो, आमची भावकीच साडेचारशेची आहे."

भावकीचा इथे काय संबंध, हे विद्याधररावांना कळेना. पाहुणे लिफ्टमध्ये शिरल्यावर जयंतीबाईंनी तो सविस्तर समजावला.

"फोन करून सांगा खरं काय ते," जयंतीबाई म्हणाल्या.

"त्यांचे डोळे भरून आले होते गं. कसं सांगू?"

चारच्या सुमाराला देवव्रतांचाच फोन आला. आवाज दबका होता आणि मागे नळ सोडल्यासारखं पाणी वाहत होतं.

"विद्याधरराव, बाथरूममधून बोलतोय. ही बाहेर यादी करायला बसलीय, सहाशेवर गेलीय," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "काय केलंत हो हे? आठ महिने खपून मी हिला दीडशेवर आणलं होतं!"