मन्मथअप्पांचा शेवटचा थर

मन्मथअप्पांकडे गेलात तर टीपॉयवर बशीत एक पेढा दिसेल. तो खाऊ नका. मागे पाण्याचा मीटर बघायला आलेल्या माणसाने तो आपल्यासाठीच ठेवलाय असं समजून तोंडात टाकला आणि दाढ धरून बसला. पेढा अप्पांच्या मुलीच्या, गिरिजाच्या, साखरपुड्यातला आहे आणि पारदर्शक रेझिनमध्ये कायमचा बंद आहे. "ह्यो दातानं न्हाई, डोळ्यानं खायचा असतो," असं अप्पा त्याला समजावत होते.

लातुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी डाळ मिलचे हिशेब बघतो, म्हणून अप्पा मला 'हिशेबनीस' म्हणतात. त्यांनी स्वतः जवळच्या मुरुडला बरीच वर्षं धान्याची आडत चालवली. बायको वारल्यावर दुकान पुतण्याकडे सोपवून ते मुलीला घेऊन इथे राहायला आले. पुढे गिरिजा लग्न होऊन नांदेडला गेली आणि अप्पांना रेझिनचा नाद लागला. मोबाईलवर कुणीतरी फुलावर काचेसारखा रस ओतताना त्यांनी पाहिलं, एवढंच निमित्त.

रेझिनचं काम माझ्यासारख्याला पटणारं आहे. त्यात प्रमाण असतं. आमच्या अप्पांच्या बाटल्यांचं प्रमाण रेझिन दोन भाग, ते घट्ट करणारं हार्डनर एक भाग. पण अप्पा आडतीवरचे. माप भरलं की वरून एक मूठ टाकायची, नाहीतर गिऱ्हाईक नाराज होतं, हे त्यांच्या हातात मुरलेलं. पहिल्याच खेपेला त्यांनी माप भरून हार्डनर घातलं आणि वरून 'बरकतीचं' म्हणून आणखी थोडं. शिवाय वैशाखातल्या दुपारी मगभर मिश्रण तसंच ठेवून चहा घ्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा मगातून धूर निघत होता आणि प्लास्टिकचा मग वाकून नमस्कार करत होता. चहाला जाण्याआधी त्याच मिश्रणातून त्यांनी माझ्यासाठी सोयाबीनच्या शेंगेची कीचेन ओतली होती. ती कधीच वाळली नाही. खिशातला रुमाल, बसचं तिकीट, बडीशेपेचे दाणे, जे भेटेल ते तिला चिकटत गेलं. शेवटी बायकोने चिमट्याने धरून ती बाहेर नेऊन टाकली.

"अप्पा, तुम्ही जास्त का घातलं?"

"कमी दिलं मनून कुणी नाव ठिवू नये, हिशेबनीस."

"कोण ठेवणार? बाटली?"

त्यानंतर त्यांनी सोनाराकडे असतो तसला काटा आणला आणि हात सुधारला. आता ते सावकाश ढवळतात, पातळ थर ओततात, तो घट्ट झाला की दुसरा. बुडबुड्यांना ते 'पाहुणे' म्हणतात. "पाहुणे आले की हाकलायचे," असं म्हणून लायटरची ज्योत वरून फिरवतात. स्वतःच्या घरी आलेल्या माणसाला मात्र दुसरा चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. एखादी वस्तू साच्यातून सुटली की उजेडाकडे धरून म्हणतात, "आता ह्याला वारा लागायचा न्हाई." माझ्या मेहुण्याचा मुतखडासुद्धा त्यांनी असा वाऱ्यापासून वाचवलाय. मेहुणा तो पाहुण्यांना दाखवतो.

हळूहळू लोक लग्नातल्या वरमाला घेऊन येऊ लागले. अप्पा फुलं आधी नीट वाळवतात, कारण ओलं फूल रेझिनमध्ये काळं पडतं. मग चौकटीत मांडून थर देतात. आठवडा-पंधरवड्यात काम हातावेगळं.

एक हार मात्र वर्ष होत आलं तरी संपेना. तो गिरिजाचा होता. लग्नानंतर दर सणाला येईन म्हणाली होती, पण नांदेडचं घर माणसांनी भरलेलं, तिला निघणं जमेना. मग एकदा तिने आपली वरमाला आणून दिली आणि तेव्हापासून फ्रेम कुठवर आली ते बघायला महिन्या-महिन्याला येऊ लागली. लग्नाच्या हाराचं काम म्हटल्यावर सासूबाईही अडवत नसत. ती आली की अप्पा वांग्याचं भरीत करत, बापलेक अंगणात बसून हसत आणि मला भिंतीपलीकडून हिशेबात दोन-दोनदा बेरीज करावी लागे.

"झाली का हो अप्पा?" ती विचारायची.

"आणिक एक थर द्यायचा हाय, माय."

मी गप्प बसणारा नाही. घरून पट्टी आणून फ्रेमची जाडी मोजली. "अप्पा, हार तर कधीच बुडालाय. हे वरचे थर कशाला? फ्रेमचा पाट झालाय."

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. "हिशेब बरोबर हाय तुमचा," ते हळूच म्हणाले. "पर फ्रेम झाली की ती घिऊन जाईल. मग यायला निमित्त काय ऱ्हातंय?"

मी पट्टी खिशात घातली.

अशात नांदेडला त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. सासूबाईंना फ्रेम हॉलमध्ये हवी होती. जावई गिरिजाला घेऊन गाडीने येणार, असा निरोप आला. त्या दिवशी अप्पा सकाळीच माझ्याकडे आले.

"हिशेबनीस, जावईबापूंनी विचारलं तर सांगा की कच्ची हाय मनून."

"मी खोटं सांगणार नाही, अप्पा."

"मंग बोलू नका. चहा प्या नुसता."

ते दोघं आले तेव्हा मी अप्पांकडे चहा घेऊन बसलो. जावई भला माणूस. त्याने फ्रेम उचलायला हात घातला, ती हलेना. "अप्पा, ही भिंतीवर लावायची की भिंतीत बसवायची?"

"हात नका लावू! वरचा थर कच्चा हाय," अप्पा घाईने म्हणाले. "पुढल्या महिन्यात न्या."

गिरिजा पुढे आली. तिने नखाने वर टकटक केलं. दगडावर केल्यासारखा आवाज आला. अप्पा पायातल्या चपलेकडे बघू लागले. मी कपात बघू लागलो.

"झालीय की अप्पा," ती म्हणाली.

"हाव... झाली म्हनायची."

जावयाने आणि मी मिळून ती डिकीत ठेवली. गाडी मागून खाली बसली. जावई दोरी बांधत राहिला, मी आत आलो. अप्पा रिकाम्या टेबलावरून उगाच फडकं फिरवत होते. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

गिरिजाने पिशवीतून कागदाचं पुडकं काढून त्या टेबलावर ठेवलं. आत दुसरा हार होता, झेंडू आणि निशिगंधाचा.

"ही ह्यांची वरमाला."

अप्पा बघतच राहिले. "ही कुटं हुती इतके दिवस?"

"माझ्या कपाटात. दोन्ही एकदम दिल्या असत्या तर तुम्ही दोन्ही एकदम करून टाकल्या असत्या."

लग्नात हार दोन असतात. मी जन्मभर आकडे मोजतो, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अप्पांनी फडकं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले आणि हार दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"किती दिवस लागतील?" गिरिजाने विचारलं.

"ते आत्ताच न्हाई सांगता यायचं, माय. आधी वाळवावा लागंल. लई ओला हाय."

अप्पा बोलत असताना पाकळ्यांचा चुरा त्यांच्या बोटांमधून टेबलावर पडत होता. गिरिजाने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

"ओला आहे," मी म्हणालो. "चांगलाच ओला आहे."